पाखरांच्या नावानं

सासूबाई गेल्यानंतर महिनाभरानं त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत दोन इरकली लुगडी, जपाची माळ आणि प्लास्टिकच्या पिशवीत ४०,००० रुपयांच्या मुदतठेवीची पावती. पावतीला टाचणीनं चिठ्ठी टोचलेली. त्यांच्या चौथी पास अक्षरात एवढंच लिहिलेलं : 'हे पाखरांच्या नावानं.' कसं, कुठं, कुणाच्या हाती द्यायचं, काही नाही.

रोज सकाळी बस्तीतून दर्शन घेऊन आल्या की त्या ओंजळभर जोंधळे गच्चीवर टाकायच्या आणि मातीच्या परळात पाणी भरून ठेवायच्या. शेवटच्या काही वर्षांत म्हणायच्या, "चिमण्या कमी झाल्यात गं. कबुतरंच येतात सगळी." पण जोंधळे टाकायचं काही थांबलं नाही.

पैशाचं काय करायचं यावर घरात फार वाद झाला नाही. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, बस्तीजवळ चबुतरा बांधू. आईचं नाव संगमरवरात घालू." सगळ्यांना पटलं. मलाही पटलंच असतं. पण नेमकं त्याच महिन्यात आमच्या महिला मंडळात पुस्तकावर बोलायची माझी पाळी होती आणि मी निवडलं होतं डॉ. सलीम अलींचं आत्मचरित्र, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. १९८५ साली, नव्वदीच्या उंबऱ्यावर असताना त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि दोन वर्षांत ते गेले. ज्या माणसानं जन्मभर पाखरांशिवाय दुसरं काही केलं नाही, त्यालाच विचारावं की पाखरांसाठी मागं काय ठेवायचं असतं, असा माझा साधा हेतू होता. मंडळात जे बोलले आणि जे बोलायचं राहून गेलं, ते दोन्ही इथं लिहिते.

पुस्तकाच्या नावातली चिमणी पडते ती छर्ऱ्यानं. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणी तिथंच पुस्तक मिटतील. मीही मिटलं होतं.

सलीम अली १८९६ सालचे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मुंबईत खेतवाडीला मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांच्या घरी हे अनाथ पोर वाढलं. मामांना मूलबाळ नव्हतं, पण घर भाच्यांनी भरलेलं. मामा शिकारी. मुलाच्या हाती एअरगन आली. नऊ-दहा वर्षांचा असताना त्यानं एक चिमणी पाडली. खायला म्हणून उचलली तर गळ्यावर पिवळा ठिपका. नेहमीची चिमणी नव्हे ही. मग मुलाला शंका आली की आपल्या धर्मात ही खायला चालते का? तो मामांकडं गेला. मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडं पाठवलं. साहेबांनी पक्षी ओळखला. ती पिवळ्या कंठाची रानचिमणी होती. मग त्यांनी कपाटातले भुसा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. मुलाचं आयुष्य त्या दुपारी ठरलं.

हा प्रसंग पुष्कळांनी सांगितलेला आहे. एका अनोळखी पक्ष्यानं मुलाचं कुतूहल जागं केलं, असं सांगतात. मला मात्र त्यात दुसरंच दिसलं. भारतातल्या पक्षिशास्त्राची एवढी मोठी वाट सुरू झाली ती भक्ष्य-अभक्ष्याच्या शंकेतून. हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात रोज निघतो. कांदा, बटाटा, अंजीर, सूर्यास्तानंतरचं पाणी, सगळ्यावरून निघतो. आपण काय करतो? आजीनं सांगितलेलं उत्तर देतो आणि गप्प बसतो. त्या मामांनी 'चालत नाही, टाकून दे' असं म्हटलं असतं तरी धर्म पाळला गेला असता. पण 'मला ठाऊक नाही, ज्याला ठाऊक आहे त्याला विचार' असं ते म्हणाले. घरातल्या वडीलधाऱ्यानं एवढं म्हणणं किती अवघड असतं, ते तुम्हीआम्ही जाणतो.

इथवर ठीक. पुढं मात्र गाडी अडते.

त्याच वयातलं एक टिपण त्यांनी पुस्तकात मोठ्या अभिमानानं दिलं आहे. तबेल्यात चिमणीचं घरटं होतं. मादी अंड्यांवर बसलेली, नर बाहेर राखण करत होता. मुलानं नर मारला. थोड्या वेळात मादीनं दुसरा नर मिळवला. तोही मारला. सात दिवसांत असे आठ नर मारले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. चिमण्यांच्या समाजात सुटे नर किती असतात, याचा एका पोरानं केलेला हा अभ्यास. शास्त्र म्हणून तो खरोखर नामी आहे. पण मंडळात मी हे वाचून दाखवलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. मग एक जण हळूच म्हणाली, "ती आठ वेळा विधवा झाली की गं." दुसरी म्हणाली, "आणि ह्याला पक्षिप्रेमी म्हणायचं?"

पुढं मोठेपणीही त्यांनी पक्षी मारलेच. कातडी सोलून, भुसा भरून, चिठ्ठी बांधून संग्रहात ठेवायचे. शिकारीची हौसही होती आणि ती ते लपवत नाहीत. आयुष्यात मारलेल्या पक्ष्यांचा आकडा ते स्वतःच 'काही हजार' असा सांगतात.

आपल्याकडं हिंसेचे चार प्रकार शिकवतात : संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. संसारी माणसाला पुढचे तीन पुरते टाळता येत नाहीत, पण संकल्पी हिंसा श्रावकानं सोडलीच पाहिजे. नमुन्यासाठी मारलेला पक्षी कुठल्या खान्यात घालायचा? मी दोन दिवस विचार केला. उद्योगी म्हणून सूट द्यावी असं वाटलं, पण मन धजेना. नेम धरून, ठरवून मारलेला जीव तो संकल्पीच. सलीम अली मोठे आहेत म्हणून खाना बदलत नाही.

त्यांचं स्वतःचं उत्तर असं : उगीच, हेतूशिवाय मारणं त्यांना अत्यंत तिरस्करणीय वाटतं. पण पक्ष्यांवरचं आपलं प्रेम हळवं नव्हे, ते सौंदर्याचं आणि शास्त्राचं आहे. ते नमुने गोळा केले नसते तर पक्ष्यांच्या जाती-उपजातींचं ज्ञान पुढं गेलंच नसतं. हे वाचताना मला आपलं अनर्थदंडविरमण व्रत आठवलं. प्रयोजनाशिवाय जीवाला पीडा द्यायची नाही, असं सांगणारं. एका टोकाला तो बंदूकवाला आणि आपण एकाच जागी येऊन उभे राहतो, याचा मला चमत्कारिक धक्का बसला. पण टोक एकच. प्रयोजन असलं म्हणजे पाप पुसलं जातं असं आपलं शास्त्र म्हणत नाही.

पुस्तकाबद्दल माझी पहिली तक्रार इथं आहे. 'काही हजार' या आकड्याशेजारी त्यांनी एक हळहळीचा शब्द टाकला आहे. एकच. मला तिथं एक पान हवं होतं. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात माणूस त्या हजारांपाशी थोडा थांबला असता, तर मला जास्त आवडलं असतं. तरी एक मान्य करते, की त्यांनी आकडा लपवला नाही. आपण झुरळांच्या औषधाचा हिशेब कुठं लिहून ठेवतो?

मग त्या बंदुकीतून आलं काय? आपल्यापैकी ज्यांचे आप्त हैदराबाद, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा इथं आहेत, त्यांनी हे मुद्दाम वाचावं. मुंबईच्या संग्रहालयातल्या नोकरीतून रजा घेऊन ते बर्लिनला शिकायला गेले. परत आले तेव्हा जागा उरली नव्हती. मग १९३० नंतर त्यांनी संस्थानांपुढं प्रस्ताव मांडला : मला पगार नको, मुक्कामाचा खर्च तेवढा द्या, तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. आधी निजामाचं राज्य, मग त्रावणकोर-कोचीन, मध्य भारतात ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, पुढं म्हैसूर, बडोदा. तंबू, बैलगाडी, कंदील, कातडी सोलायची सुरी. आज एखादा पक्षी एखाद्या मुलखातून नाहीसा झाला असं आपण म्हणतो, ते कशाच्या जोरावर? आधी तो तिथं होता, हे कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून.

पाहण्यांच्या आधीचा, नोकरी नसतानाचा किहीमचा मुक्काम हा पुस्तकातला मला सगळ्यांत आवडलेला भाग. अलिबागजवळच्या त्या गावात त्यांनी सुगरण पक्ष्यांची वस्ती महिनोन्महिने पाहिली. तिथं बंदूक नाही, नुसते डोळे. बहिणाबाईंमुळे आपल्या मनात सुगरण म्हणजे पिलांसाठी खोपा विणणारी आई. प्रत्यक्षात खोपा विणतो नर. अर्धा झाला की माद्या येतात, तपासतात. एखादीला पसंत पडला की ती राहते. नर खोपा पुरा करतो आणि दुसरीसाठी नवा विणायला घेतो. मंडळात यावर भरपूर हसू झालं. कविता काही खोटी पडत नाही, तिच्यातली माया खरीच आहे. पण पाखराला आपल्या संसाराचं रूप न देता, ते जसं आहे तसं पाहणं हाही त्याचा मान राखणंच आहे, हे मला त्या पानांनी शिकवलं.

दुसरी तक्रार बायकांची. १९१८ साली त्यांचं तहमीनांशी लग्न झालं. तहमीना इंग्लंडात शिकलेल्या, मोठ्या घरातल्या. नवऱ्याला पगार नाही, जेमतेम खासगी उत्पन्न, आणि जंगलात तंबूत संसार. तो त्यांनी हसत केला. पाहण्यांत त्या बरोबर असत. नवऱ्याच्या इंग्रजीवरून हात फिरवत, आणि ज्या सहज, खेळकर भाषेमुळे त्यांची पुस्तकं घराघरांत गेली ती घडवण्यात त्यांचा वाटा होता. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' आलं १९४१ साली. ते त्यांनी पाहिलं नाही. पुढं सलीम अलींना घर दिलं त्यांच्या बहिणीनं, कामू यांनी. लहानपणी मामी, मग बायको, मग बहीण. ते कृतज्ञतेनं लिहितात, नाही असं नाही. पण मोटारसायकलींवर ज्या चवीनं लिहितात (१९५० साली सनबीम घेऊन ते युरोपात गेले होते), त्या चवीनं तहमीनांच्या दिवसाबद्दल लिहीत नाहीत. तंबूत पीठ कुठून यायचं, पावसात चूल कशी पेटायची, एकटं वाटलं तर त्या काय करायच्या? पक्ष्याच्या घरट्यात कुठली काडी कुठून आली हे टिपणाऱ्या माणसाच्या नजरेतून हे कसं सुटलं?

आता वारशाकडं येते. आपल्याकडं दानं चार सांगतात : आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान. पाखरांच्या बाबतीत आपला समाज कशात कमी नाही, असं मी समजत होते. जोंधळे म्हणजे आहार. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या आपल्या मंदिरात पक्ष्यांचा दवाखाना आहे, ते औषध. पिंजऱ्यातले पोपट, मुनिया विकत घेऊन सोडणं म्हणजे अभय.

पुस्तक वाचता वाचता या तिन्हींकडं पुन्हा पाहावं लागलं. जोंधळे खाऊन वाढतात ती बहुतेक कबुतरंच. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीनं माणसांची फुप्फुसं बिघडतात. जी चिमणी पिलांना किडे भरवते, तिची पिलं जोंधळ्यावर जगत नाहीत. सोडण्यासाठी पोपट विकत घेतला, की पारधी त्या जागी दुसरा धरून आणतो. आपल्या पुण्याची किंमत त्यानं आधीच लावलेली असते. मन दयेनं भरलेलं असतं, पण पाखराला काय हवं ते आपण विचारलेलंच नसतं. चौथं, शास्त्रदान, आपण पाखरांसाठी कधी केलंच नाही. सलीम अलींनी केलं ते नेमकं हेच.

भरतपूरची गोष्ट घ्या. तिथं एका दगडावर शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्यात एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. योगायोग असा, की त्याच दिवशी सलीम अली ४२ वर्षांचे झाले. तेच तळं पुढं राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यामागं त्यांची कित्येक वर्षांची खटपट होती.

पण ही कथाही निर्मळ नाही. पक्षितज्ज्ञांच्या आग्रहावरून १९८२ साली तिथं गावकऱ्यांच्या म्हशी चारायला बंदी झाली. तंटा पेटला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. पुढं सलीम अलींच्याच सोसायटीनं वर्षानुवर्षं अभ्यास केला तेव्हा दिसलं, की म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत माजलं आणि पक्ष्यांचंच नुकसान झालं. हे वाचून मी सुन्न झाले. दयेच्या नावावर गेलेल्या त्या माणसांचं पाप कुणाच्या खात्यावर? मात्र एक लक्षात आलं. ही चूक उघड केली ती त्याच ज्ञानानं. संगमरवराचा चबुतरा चुकला तर पन्नास वर्षं तसाच चुकीचा उभा राहतो. शास्त्रदान दात्यालाही सुधारतं. 'मला ठाऊक नाही, विचारून ये' असं म्हणणाऱ्या त्या मामांची चिठ्ठी मला तिथवर पोचलेली दिसली.

बंदूकही शेवटी बाजूला झाली. १९५९ पासून सोसायटीनं पक्षी जाळ्यात अलगद धरून, पायात नंबराची कडी घालून, जिवंत सोडण्याचं मोठं काम हाती घेतलं. निमित्त आपल्याच राज्यातलं : शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलातला ताप परदेशी पाखरांच्या गोचिडांतून येतो का, ही शंका. आधी मेलेला पक्षी ज्ञान द्यायचा, आता उडून जाणारा देऊ लागला. पुस्तकात या बदलाचा गाजावाजा नाही. मला तो त्या एका हळहळीच्या शब्दापेक्षा मोठा वाटतो.

आणि पैसा? मूलबाळ नव्हतं. ऐंशीच्या घरात असताना त्यांना पॉल गेटी यांच्या नावाचा वन्यजीव रक्षणाचा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी सोसायटीला दिली. त्यातून पुढच्या मुलांनी शिकावं, अभ्यास करावा, पाहावं.

मंडळात हे सांगून झाल्यावर मी चिठ्ठीचा विषय काढला. आमच्यात सगळ्यांत वडील असलेल्या अक्का स्वाध्यायात मुरलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "तुझं चार दानांचं बरोबर हाय. पण समंतभद्रांनी रत्नकरंडात आहार, औषध, उपकरण आणि आवास सांगितलंय. आवास विसरू नको." मग स्वतःच पुढं म्हणाल्या, "ते व्रतींसाठी सांगितलेलं, पाखरांसाठी नव्हे. उगीच शास्त्र ताणू नको." मी ताणत नाही. पण तो शब्द माझ्या मनातून गेला नाही.

आठ वर्षांपूर्वी आम्ही गोव्याला गेलो होतो. रायबंदरहून फेरीनं चोडण बेटावर. तिथं मांडवीच्या काठी खारफुटीत सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. सासूबाईंनी कमरेची पिशवी सोडली, जोंधळे टाकायला जागा शोधू लागल्या. बोटवाल्यानं खुणेनं सांगितलं, इथं काही टाकायचं नाही. चिखलात बगळे आपापलं वेचत होते. सासूबाईंनी पिशवी पुन्हा बांधली आणि म्हणाल्या, "मग हितं आपलं काय काम?" आम्ही सगळे हसलो. त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

चबुतरा झाला नाही. दीर नाराज झाले, आठ दिवस बोलले नाहीत. २५,००० रुपयांची पक्षी ओळखायची चित्रमय पुस्तकं घेतली, मराठी आणि कन्नड दोन्ही, आणि खेड्यांतल्या शाळांना दिली. उरलेल्या पैशांत बस्तीच्या मागच्या पडीक जागेत वड, पिंपळ, उंबर लावले आणि कुंपण घातलं. अक्का म्हणाल्या, "पंच उदुंबर! आपल्याला पाच्ची अभक्ष्य." खरंच आहे. त्या फळांत जीव असतात म्हणून आपण ती तोंडात घालत नाही. हारीत, तांबट, कोकिळा मात्र त्यांवरच जगतात. आपण सोडलेलं त्यांच्या वाट्याला जाऊ दे.

झाडं अजून गुडघ्याएवढी आहेत, पाटी लावायला जागा नाही. परवा पाहिलं तर दोन वाळलीत, उंबराला पालवी आहे. दीर आता दर रविवारी बादली घेऊन जातात. गच्चीवरचं परळ मी अजून भरते. जोंधळे मात्र टाकत नाही, आणि सकाळी सहा वाजता हात रिकामा राहतो, तो अजून सवयीचा झालेला नाही.